पात्याच्या पाठीवरचा मजकूर

१७८८ पूर्वी ब्रिटिश घोडदळातल्या कोणत्या रेजिमेंटने कोणती तलवार वापरायची, हे बहुतेक वेळा त्या रेजिमेंटचा कर्नल ठरवत असे. कारागीर त्याच्या ओळखीचा आणि पात्याची लांबी-रुंदी त्याच्या पसंतीची. १७८८ मध्ये सरकारने घोडदळासाठी ठरावीक नमुने घालून दिले आणि तिथून पहिल्या महायुद्धापर्यंत नमुन्यामागून नमुने निघत राहिले: १७९६, १८२१, १८५३, १८६४, १८८२, १८८५, १८९०, १८९९ आणि शेवटी १९०८. पायदळाच्या अधिकाऱ्यांचे नमुने वेगळे, रायफल रेजिमेंटांचे वेगळे, सेनापतींचे आणखी वेगळे. या नादातली माणसे ही सालेच नावासारखी वापरतात. ‘शहाण्णवची हलकी’, ‘बावीसची गॉथिक मूठ’, ‘त्रेपन्नची’ एवढे म्हटले की समोरच्याच्या डोळ्यांपुढे अख्खी तलवार उभी राहते.

हे पुस्तक अशा तलवारींविषयी आहे: त्या ओळखाव्यात कशा, निवडाव्यात कशा आणि आपल्या हवेत टिकवाव्यात कशा. भर ब्रिटिश नमुन्यांवर आहे, कारण हिंदुस्थानात, आणि विशेषतः दख्खनमध्ये, सर्वांत जास्त त्याच आल्या आणि राहिल्या.

आपल्याकडे जुन्या तलवारीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ही कोणाची? मग एखादे मोठे नाव सांगितले जाते आणि त्या नावाला आधार बहुतेकदा सांगोवांगीचाच असतो. एकोणिसाव्या शतकातल्या लष्करी तलवारीला हा प्रश्न विचारून फारसे काही हाती लागत नाही. शिपायाची तलवार सरकारी मालकीची होती. एकाने जमा केली की दुसऱ्याला मिळे. पण तिला दुसरे प्रश्न विचारले तर ती भरभरून बोलते. कोणी घडवली? कोणत्या गावी तपासली गेली? कोणत्या रेजिमेंटला, कितव्या क्रमांकाने दिली गेली? धार किती वेळा लावली? मूठ मूळचीच आहे की नंतर बसवली? याची उत्तरे पात्याच्या पाठीवर, मुठीलगतच्या बोथट पट्ट्यावर, परजेच्या कडेला आणि म्यानाच्या तोंडाशी ठोकलेल्या बारीक खुणांमध्ये असतात. माझे सांगणे एवढेच आहे आणि पुढची प्रकरणे हा त्याचाच विस्तार आहे: संग्राहकाकडे तलवार येते ती तिच्या अंगावरच्या या पुराव्यासकट येते, आणि तो पुरावा जसाच्या तसा पुढच्याच्या हाती देणे हे त्याचे पहिले काम आहे. पॉलिश कागदाने तो अर्ध्या तासात घालवता येतो. परत आणता येत नाही.

खुणांची सवय डोळ्यांना लागायला वेळ लागतो, पण एकदा लागली की सुटत नाही. बाणाचे रुंद टोक म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्ता. तशीच दोन टोके एकमेकांना भिडवून ठोकलेली असतील, तर ती तलवार सेवेतून काढून विकली गेली. मुकुट, त्याखाली एक आकडा आणि त्याखाली रोमन अक्षर असेल, तर ती तपासनिसाची खूण. ‘ई’ असेल तर तो एनफिल्डचा, ‘बी’ असेल तर बर्मिंगहॅमचा. पाते वाकवून पाहिल्यावर टिकले, की त्यावर छोटी फुली पडे. फ्रेंचांची तऱ्हा याहून देखणी. त्यांच्या पात्याच्या पाठीवर वळणदार हस्ताक्षरात सरळ वाक्यच कोरलेले असते: क्लिंगेंथालचा किंवा नंतरच्या काळात शातेलरोचा कारखाना, महिना आणि साल. प्रशियाच्या पात्यावर राजाच्या नावाचे आद्याक्षर, वर मुकुट आणि खाली सालाचे शेवटचे दोन आकडे. नव्या माणसाने सुरुवात फ्रेंच तलवारींपासून करावी असे मी नेहमी सांगतो. त्या तुलनेने स्वच्छ बोलतात आणि वाचायचा आत्मविश्वास देतात.

या तपासणीच्या शिस्तीची एक मुळी आपल्या देशाशी जोडलेली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये असा समज घट्ट होता, की चांगले पाते जर्मनीतल्या सोलिंगन गावचेच. बर्मिंगहॅमचे पाते म्हणजे दुय्यम. टॉमस गिल हा बर्मिंगहॅमचा कारागीर या समजाविरुद्ध उभा राहिला आणि त्याने उघड परीक्षा मागितली. १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने घोडदळासाठी १०,००० तलवारींची मागणी नोंदवली. ती इंग्लिश आणि जर्मन कारागिरांत वाटून दिली आणि माल हाती आल्यावर यंत्रावर तपासला. ३६ इंची पाते दाबून, त्याच्या दोन टोकांमधले अंतर साडेएकोणतीस इंच होईपर्यंत वाकवायचे. मोडले किंवा वाकलेलेच राहिले की बाद. गिलच्या २,६५० तलवारींपैकी फक्त ४ बाद झाल्या. आपल्या पात्यांच्या पाठीवर तो हमीचे शब्द कोरत असे आणि त्या शब्दांना ही परीक्षा पाठीशी होती. पात्याला पाणी देण्याची कला, म्हणजे ते लाल तापवून विझवायचे आणि मग पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा, ही तोवर त्या त्या कारागिराच्या नजरेची गोष्ट होती. आता ती इंचात मोजली जाऊ लागली. कंपनीला हिंदुस्थानात राज्य करायचे होते आणि त्यासाठी हजारो घोडेस्वारांच्या हाती न मोडणारे पोलाद हवे होते, हे त्यामागचे कारण आहे. ते लपवून हा इतिहास सांगता येत नाही.

१७९६ ची हलक्या घोडदळाची तलवार हे एकोणिसाव्या शतकाचे दार. जॉन गॅस्पर्ड ल मर्शां या अधिकाऱ्याने फ्लँडर्सच्या मोहिमेत पाहिले, की आपले स्वार वेड्यावाकड्या तलवारींनी शत्रूपेक्षा स्वतःला आणि स्वतःच्या घोड्यांनाच जास्त जखमा करून घेत आहेत. परतल्यावर बर्मिंगहॅमच्या हेन्री ओस्बॉर्नला हाताशी धरून त्याने नवे पाते ठरवले: सुमारे ३३ इंच लांब, चांगले वाकलेले, एकाच रुंद पन्हळीचे आणि टोकाकडे जाताना निमुळते होण्याऐवजी रुंद होणारे. भोसकण्यासाठी ते कच्चे, पण छाटण्यासाठी जबरदस्त. मुठीला बोटांवरून जाणारी एकच पट्टी. तलवार कशी चालवायची याची नियमावलीही त्यानेच लिहिली आणि १८१२ मध्ये सालामांकाच्या लढाईत घोडदळाचा हल्ला चढवताना तो मारला गेला. त्याआधीच, १८११ मध्ये, प्रशियाने हाच नमुना जवळजवळ जसाच्या तसा उचलला होता. मला विचाराल तर या शतकात इतके एकजीव हत्यार पुन्हा झाले नाही. त्यातला प्रत्येक भाग एकाच कामासाठी आहे. १८२१ च्या तीन पट्ट्यांच्या मुठीपासून पुढे ब्रिटिश तलवार छाटणे आणि भोसकणे यांच्यात तडजोड करत राहिली आणि दोन्ही कामे अर्धीमुर्धी करत राहिली. हा माझा पक्षपात आहे. वाचकाने तो ध्यानात घेऊनच पहिली तीन प्रकरणे वाचावीत.

१८२१ चा नमुना आल्यावर ‘शहाण्णव’ सेवेतून हळूहळू बाद होत गेली. पण ती संपली नाही. तिची खरी गोष्ट इथून पुढे दख्खनमध्ये घडली.

कॅप्टन लुई नोलन हे नाव क्रिमियाच्या युद्धाने अजरामर केले. बालाक्लाव्हाला २५ ऑक्टोबर १८५४ रोजी हलक्या ब्रिगेडच्या त्या घातकी हल्ल्याचा हुकूम घेऊन आलेला हाच अधिकारी, आणि हल्ल्यात सुरुवातीलाच पडलेला. त्याआधी तो पंधराव्या हुसार रेजिमेंटबरोबर हिंदुस्थानात होता आणि १८५३ मध्ये त्याने घोडदळावर एक पुस्तक लिहिले. त्यात त्याने निजामाच्या अनियमित घोडदळाची हकीकत दिली आहे. या स्वारांनी एका चकमकीत केलेल्या जखमांचे वर्णन त्याच्या कानावर आले. हात, डोकी एका घावात वेगळी झालेली. ब्रिटिश स्वारांच्या तलवारींनी असे होत नसे. नोलनला वाटले, यांची पाती काही वेगळ्याच पोलादाची असणार. चौकशी करता कळले ते असे: पाती इंग्लंडचीच होती, ब्रिटिश घोडदळाने जुनी म्हणून काढून टाकलेली. दख्खनच्या स्वारांनी त्यांना आपल्या पद्धतीच्या मुठी बसवल्या होत्या, वस्तऱ्यासारखी धार लावली होती आणि ती लाकडी म्यानात ठेवली होती. लढाईखेरीज ती म्यानाबाहेर निघत नसत. तलवारीचे विशेष शिक्षण म्हणाल, तर ते त्यांना कोणी दिलेले नव्हते. धार असली की हात आपोआप साधतो, असे त्यांचे म्हणणे.

सगळा फरक होता तो म्यानात. ब्रिटिश स्वाराचे म्यान पोलादी. पाते त्यात सरकवताना आणि उपसताना धार पोलादाला घासते, आणि घोड्याच्या प्रत्येक पावलाला आतल्या आत खडखडत राहते. परेडला दिवसातून अनेकदा तलवार उपसायची आणि पुन्हा आत टाकायची. सकाळी लावलेली धार संध्याकाळपर्यंत गेलेली. लाकडी म्यान मऊ. त्यात पाते अलगद बसते आणि धारेला काही लागत नाही. एकच पाते, एकच पोलाद, पण एका सैन्यात ते बोथट लोखंडाची पट्टी झाले आणि दुसऱ्या सैन्यात जीवघेणे शस्त्र. निजामाच्या या घोडदळाच्या छावण्या औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, अशा गावी होत्या. मराठवाड्यातल्या जुन्या घरांत आजही ब्रिटिश पात्याची आणि देशी मुठीची तलवार निघते, ती बरेचदा याच वाटेने आलेली असते.

दुसरी वाट शिलेदारीची. घोडा स्वाराचा, सरंजाम स्वाराचा, हत्यार स्वाराचे, आणि त्या बदल्यात महिन्याचा ठरलेला पगार; मराठी फौजांत रुळलेली ही पद्धत कंपनीने आपल्या अनियमित घोडदळात घेतली आणि ती पहिल्या महायुद्धापर्यंत चालली. १८१७ मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या पूना ऑक्झिलरी हॉर्सपासून कितीतरी पथकांत ही व्यवस्था होती. नमुन्याच्या सक्तीमुळे इंग्लंडच्या रेजिमेंटांत तलवारी एकसारख्या दिसतात; शिलेदारी पथकांत तसे होत नाही. कोणी आजोबांची तेग घेऊन येई, कोणी बाजारातून जुने विलायती पाते घेऊन गावच्या कारागिराकडून मूठ बसवून घेई. देशी मूठ बसवायला सोपी असते. तिच्या पोकळीत राळ किंवा लाख वितळवून ओतायची आणि पात्याची शेपटी त्यात रोवायची; थंड झाले की पक्के. ब्रिटिश मुठीत शेपटी आरपार जाऊन टोकाला ठोकून चपटी केलेली असते, ती सहज निघत नाही. देशी मूठ ऊब दिली की सुटते. त्यामुळे आपल्याकडे पाते आणि मूठ यांची सोयरीक अनेकदा बदललेली असते.

हे लिहिताना अशी एक तलवार माझ्या टेबलावर आहे. मूठ लोखंडी, वर वाटोळी चकती, पकडीच्या मधोमध फुगवटा. चांदीची नक्षी होती, ती आता फक्त चकतीच्या खालच्या बाजूला, जिथे तळहात पोहोचत नाही तिथे, बोटभर उरली आहे. पाते मुठीत शिरते तिथे राळेची काळपट कड दिसते. त्याच्या लगेच पुढे, पाठीवर, ओस्बॉर्न या नावाची शेवटची काही अक्षरे आहेत. आधीची मुठीच्या बैठकीखाली गेलेली. बाजूला तपासनिसाचा मुकुट, अर्धा झिजलेला. मुठीपासून चार बोटांपर्यंत पाते पूर्ण रुंदीचे आहे आणि तिथे धार नाही. मग धार सुरू होते, आणि टोकाच्या अलीकडच्या हातभर भागात पात्याची कड किंचित आत गेलेली आहे. घाव बसतो तो याच भागाने, म्हणून शिकलगाराच्या दगडाने वर्षानुवर्षे इथलेच पोलाद जास्त खाल्ले. रुंद टोक कोणीतरी घासून निमुळते केले आहे. म्यान दोन फळ्यांचे, वर चामडे. एका बाजूची शिवण उसवली आहे आणि आतले लाकूड पात्याच्या तेलाने काळे झाले आहे.

एका व्यापाऱ्याने मला सुचवले होते, की ही देशी मूठ उतरवून १७९६ ची विलायती मूठ बसवली तर तलवार ‘अस्सल’ होईल आणि किंमतही चढेल. या धंद्यातला इतका वाईट सल्ला दुसरा नाही. आज ती तलवार बर्मिंगहॅमची भट्टी, सरकारी तपासणी, सेवेतून हकालपट्टी, दख्खनचा कारागीर, कोणा स्वाराचा तळहात आणि शिकलगाराचा दगड एवढे सगळे सांगते. मूठ बदलली की ती एक मध्यम दर्जाची, झिजलेली, खोटी ‘शहाण्णव’ उरेल.

इथेच एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी, कारण नवे संग्राहक सर्वांत जास्त पैसे इथे घालवतात. ‘शहाण्णव’ दिसली की ती नेपोलियनच्या काळातली असे धरून चालू नये. हिंदी घोडदळाला हे पाते इतके पसंत होते, की व्हिक्टोरिया राणीच्या अखेरच्या दशकांतही बर्मिंगहॅमची रॉबर्ट मोल कंपनी त्याच घाटाच्या तलवारी इथे पाठवण्यासाठी घडवत होती. मुठीलाही तीच एक पट्टी. लांबून पाहिले तर वॉटर्लूची वाटावी अशी. पण पाठीवर मोलचे नाव आणि जवळ ‘आय एस डी’ ही तीन अक्षरे, म्हणजे इंडिया स्टोअर डिपार्टमेंटची खूण, असेल तर ती तलवार पाऊण शतकाने धाकटी. विकणारा ती तीन अक्षरे दाखवणार नाही; आपण शोधायची. माझ्या मनात या मोलच्या तलवारींची किंमत उणी नाही, उलट जास्त आहे. इंग्लंडने जे हत्यार टाकून दिले तेच हिंदी स्वाराने मागून मागून तीन पिढ्या चालू ठेवले, याचा त्या लोखंडी पुरावा आहेत.

अधिकाऱ्यांच्या तलवारींचे जग वेगळे. त्या सरकार देत नसे. नमुन्याला धरून स्वतःच्या पैशाने घ्यायच्या. त्यामुळे त्यांच्यावर नक्षी आहे, मालकाची आद्याक्षरे आहेत, कधी घराण्याचे चिन्ह आहे. १८२२ च्या पायदळ अधिकाऱ्याची पितळी मूठ जुन्या चर्चच्या खिडकीसारखी जाळीदार, म्हणून तिला गॉथिक म्हणतात. सुरुवातीच्या मुठींना आतल्या बाजूला घडी होणारी एक पाकळी असते; गणवेशाला मूठ घासू नये म्हणून. तिची बिजागरी आजही कट्कन बसते की नाही हे मी आधी पाहतो. जाळीत राजचिन्ह असते आणि ते काळ सांगते: चौथा विल्यम असेल तर १८३० ते १८३७, व्हिक्टोरिया असेल तर १८३७ ते १९०१. सुरुवातीच्या पात्याची पाठ गोल दांड्यासारखी जाड असे. दिसायला सुंदर, पण छाटताना तीच पाठ आड येई. १८४५ मध्ये हेन्री विल्किन्सनने पन्हळीचे साधे पाते आणले आणि पुढची पन्नास वर्षे तेच राहिले.

विल्किन्सनचे नाव आले की संग्राहकाचा हात आपोआप भिंगाकडे जातो. १८५४ च्या सुमारापासून या कारखान्याने आपल्या चांगल्या पात्यांच्या पाठीवर अनुक्रमांक घातले आणि विक्रीच्या वह्या ठेवल्या. त्या वह्या टिकल्या आहेत. पाठीवरचा चार-पाच आकडी क्रमांक वाचता आला, तर तलवार केव्हा विकली गेली हे कळते, आणि नशीब असेल तर कोणाला हेही. मुठीजवळ पात्यात बसवलेली पितळेची बारीक चकती म्हणजे पाते परीक्षेत उतरल्याची ग्वाही. मी अशा तलवारी पाहिल्या आहेत, ज्यांची नक्षी चकचकीत आणि पाठ मात्र घासून कोरी. कोणा हौशी माणसाने गंज काढताना क्रमांकही काढला. त्या तलवारीचा मालक आता कायमचा हरवला.

शतकाच्या उत्तरार्धातल्या सैनिकी नमुन्यांवर मी या पुस्तकात फार रेंगाळलेलो नाही. १८५३ मध्ये हलक्या आणि जड घोडदळाला एकच तलवार मिळाली, पात्याइतक्याच रुंदीची शेपटी मुठीतून नेणारी, त्यामुळे पकड मजबूत पण मूठ हातात ओबडधोबड. १८८५ च्या जानेवारीत सुदानमध्ये अबू क्लेआच्या लढाईत ब्रिटिश संगिनी वाकल्या, तेव्हा गदारोळ झाला, चौकशा बसल्या, तलवारीही संशयाच्या फेऱ्यात आल्या आणि तपासण्या कडक झाल्या. या काळातल्या तलवारींवर तपासनिसांच्या खुणांची दाटी असते ती यामुळे. वाद मिटला तो १९०८ मध्ये, भोसकण्यासाठीच घडलेल्या सरळ, चिंचोळ्या पात्याने. तोवर युद्धभूमीवर मशीनगन आली होती. ज्याला या नमुन्यांचा इंच अन् इंच हवा असेल, त्याने ब्रायन रॉबसन यांचा ब्रिटिश लष्कराच्या तलवारींवरचा ग्रंथ जवळ ठेवावा. १९७५ मध्ये आलेला आणि १९९६ मध्ये सुधारलेला हा ग्रंथ नसता, तर माझ्यासारख्यांनी अजून चाचपडतच काढले असते.

मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो आणि तो रास्त आहे. ज्या फौजांनी खडकी जिंकली, ज्यांच्या घोडदळाशी लढताना अष्टीला २० फेब्रुवारी १८१८ रोजी बापू गोखले पडले, त्यांच्या तलवारी मराठी माणसाने कशासाठी जपायच्या? मी हे उत्तर मनापासून देतो. एक तर, या तलवारी चालवणारे हात पुष्कळदा आपलेच होते. त्यांची नावे पगारपत्रकांतही नीट उरलेली नाहीत; त्यांच्या तळहाताची झीज तेवढी मुठीवर आहे. ती पुसून टाकायची, तर त्या माणसांचा उरलासुरला मागही पुसला जाईल. दुसरे असे, की विलायती पाते आपल्याला परके कधीच नव्हते. पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या जहाजांतून उतरलेली सरळ पाती मराठी मुठीत बसली आणि फिरंग म्हणून मिरवली. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार मिळवली. तिचेही पाते युरोपीय घडणीचे आहे. तिला आपण आपली म्हणतो आणि ते बरोबरच आहे. मग शिंग फुंकल्यावर अंबाजोगाईच्या छावणीतून निघालेल्या स्वाराची तलवार आपली का नाही?

शिवाय, पराभवाची कारणे विजेत्याच्या हत्यारांत शोधावी लागतात. आपल्या कारागिरांचे पोलाद हलके नव्हते. पण दहा हजार पाती एका मापाची, यंत्रावर वाकवून पाहिलेली आणि क्रमांक घालून वहीत चढवलेली, हे आपण केले नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात किंवा कोल्हापूरच्या राजवाड्यातल्या शस्त्रांपुढे उभे राहिले की कारागिरी पाहून छाती भरून येते. त्यानंतर एखादी साधी, नक्षी नसलेली ‘त्रेपन्नची’ हातात घ्यावी आणि तिच्यावरचे आकडे वाचावेत. राज्य कसे गेले त्याचे एक उत्तर तिथे ठोकलेले आहे.

आता जपणुकीविषयी, कारण आपली हवा या वस्तूंची वैरीण आहे. कोकणातल्या आणि मुंबईच्या पावसाळ्यात उघडे पोलाद एका रात्रीत तांबूस होते. घामाच्या बोटांचे ठसे तर आठवड्याभरात पात्यात उतरतात, म्हणून सुती हातमोजे घालूनच पाते हाताळावे. लाल, भुसभुशीत गंज जिवंत असतो. तो तेल लावून, अगदी बारीक स्टील वूलने, पाठीकडे जपून, हळूहळू काढावा. काळसर तपकिरी, घट्ट बसलेली छटा मात्र गंज नव्हे, तो पात्याचा काळ आहे. ती तशीच ठेवावी. ॲसिड, चिंच, लिंबू, बफिंगचे चाक यांतले काहीही पात्याजवळ आणू नये. साफ झाल्यावर पातळ मेणाचा हात फिरवला की वर्षभराची निश्चिंती. चामड्याच्या म्यानात तलवार कायमची ठेवू नये. चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेली द्रव्ये पोलादाला खातात. म्यान शेजारी ठेवावे आणि पाते कापडी पिशवीत. मुठीवरची माशाची खरखरीत कातडी आणि तिच्या खोबणीतली तार हे सर्वांत नाजूक भाग. तार सैल झाली तर ती कोणाकडून नवी करून घेण्यापेक्षा सैलच बरी.

नकलांचे प्रकरण स्वतंत्र आहे, पण एक कसोटी इथेच देऊन ठेवतो. खरे पाते मुठीजवळ जाड असते आणि टोकाकडे पातळ होत जाते. मुठीजवळ आठ-नऊ मिलिमीटर, तर टोकाजवळ दोनाच्या आसपास. हाताने घडवण्याचे सगळे कसब या उतारात आहे आणि तलवार हातात हलकी वाटते ती त्यामुळे. नकली पाते पत्र्यातून कापलेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ एकाच जाडीचे. कॅलिपर खिशात ठेवावा. विकणाऱ्याला तो आवडत नाही, हेच त्याच्या उपयोगाचे प्रमाण.

कायद्याकडे कानाडोळा करून हा छंद करता येत नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम यांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारे येतात. आपल्या भागात त्यांच्यासाठी परवाना लागतो का, हे तलवार घेण्याआधी पोलिसांच्या परवाना शाखेत विचारून घ्यावे आणि जे सांगतील ते करावे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी तलवार ही पुरावस्तू ठरते. म्हणजे एकोणिसाव्या शतकातली प्रत्येक तलवार. ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही आणि पुरावस्तूंचा व्यापार करायचा तर परवाना लागतो. मला हा कायदा जाच वाटत नाही. तो आणखी आधी आला असता, तर मराठवाड्यातली कितीतरी पाती आज परदेशी लिलावांच्या सूचीत दिसली नसती. खरेदीची पावती, जुन्या मालकाचे पत्र, काढलेले फोटो हे सगळे तलवारीबरोबर एका पाकिटात ठेवावे. पुढे कोणी तुमच्या हक्काबद्दल विचारले तर ते उपयोगी पडेल, आणि कोणी तलवारीबद्दल विचारले तर त्याहून जास्त.

या पुस्तकाचे वाचक दोन प्रकारचे असतील असे मी धरले आहे. एक, जे संग्रह करू पाहतात. दुसरे, ज्यांच्या घरात तलवार आहेच आणि जी वर्षातून एकदा, खंडेनवमीला, माळ्यावरून खाली येते. दुसऱ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे. या वर्षी पूजेआधी पाते कोरड्या कापडाने पुसा, खिडकीजवळच्या तिरप्या उजेडात धरा आणि पाठ, मुठीलगतचा पट्टा, परजेची कड यांचे जवळून फोटो काढा. मुठीपासून टोकापर्यंतची लांबी सरळ रेषेत मोजा. मुठीजवळची रुंदी, आणि पाठीची जाडी तीन ठिकाणी: मुठीजवळ, मध्यावर, टोकाच्या अलीकडे. अक्षर किंवा आकडा अर्धवट दिसत असेल, तर त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवा. मूठ उतरवायला जाऊ नका आणि शिकल करून घेऊ नका. ओले हळदकुंकू पात्याला लावू नका, मुठीला किंवा म्यानाला लावा. पात्यावरचा ओला बोटभर डाग वर्षभरात पोलाद खातो. मग ही मापे घेऊन या पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणातला तक्ता उघडा. ३३ इंचांच्या आसपास, एकाच रुंद पन्हळीचे, टोकाकडे पसरणारे पाते निघाले, तर तिथून पुढे काय शोधायचे ते त्याच पानावर दिले आहे.